अक्कांनी नापास केलेल्या फळ्या

श्रीमती सुलोचना बैसाणे, म्हणजे आपल्या सर्वांच्या सुलोचनाअक्का, यांची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. त्या वेळी त्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवीत होत्या. धुळ्याला पाचकंदिलाजवळच्या गल्लीत माझं सुतारकामाचं दुकान आहे, तिथे त्या चित्रांचे मोठे कागद ठेवण्यासाठी एक कपाट करून घ्यायला आल्या. बसके, रुंद खण असलेलं कपाट. मी मन लावून केलं, आणि मागितलेली नसताना प्रत्येक खणाच्या दर्शनी फळीवर वेलबुट्टी कोरून दिली. वडिलांनी शिकवलेली नक्षी होती. गिऱ्हाईक खूश व्हायचं.

अक्का खूश झाल्या नाहीत. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "मिस्त्री, हे फूल कोणतं?"

"फूल आहे, बाई. नक्षीचं."

"ते दिसतंय. कोणत्या झाडाचं?"

मी म्हणालो, झाडाचं असं नाही, कोरायचं फूल असंच असतं. त्यावर त्या म्हणाल्या, "जे फूल तुम्ही पाहिलं नाही आणि मीही पाहिलं नाही, ते मी रोज सकाळी का बघायचं?" मला राग आला. दुसऱ्या दिवशी त्या एक पातळ कागद घेऊन हजर. त्यावर दादर ज्वारीची कणसं काढलेली, दाण्यांच्या भाराने एका बाजूला वाकलेली. "फळ्या उलटवा आणि मागच्या बाजूला हे कोरा," म्हणाल्या. मी कोरलं. त्यांनी नापास केलं. पुन्हा कोरलं. ते कपाट त्यांच्या घरी गेलं तेव्हा आता ही बाई पुन्हा दुकानात दिसणार नाही, या विचाराने मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. तेव्हापासून आजपर्यंत त्या दुकानात येत आहेत.

झालं असं, की ती कणसं अक्कांच्या घरी ज्यांनी पाहिली, ते लोक माझ्याकडे येऊन "तसलेच खण पाहिजेत" म्हणू लागले. तसलं मला एकट्याला येत नव्हतं. अक्का निवृत्त झाल्या आणि दर सकाळी डबा घेऊन दुकानात येऊन बसू लागल्या. त्या चित्र काढायच्या, मी कोरायचा. या गौरवग्रंथात अनेकजण अक्कांच्या कलेविषयी लिहितील. त्या कलेखाली रोज दबून गेलेला माणूस मी एकटाच आहे, म्हणून मला जे माहीत आहे ते सांगतो.

खणाच्या फळीला मूठ लावायची नाही, हा अक्कांचा पहिला नियम. चित्रातच कुठेतरी, पानाखाली किंवा बोंडाखाली, बोटं शिरतील एवढी पोकळी ठेवायची. ती कोरताना पटाशी कशी धरायची, हे मात्र त्या सांगत नाहीत. दुसरा नियम म्हणजे खालच्या खणावरचं चित्र वरच्यासारखं कोरायचं नाही, कारण खालचा खण माणूस उभ्याने बघतो, वरून. त्यामुळे तिथला उठाव वेगळा. आणि तिसरा नियम फडक्याचा. फळी तयार झाली की अक्का पिशवीतून ओलं फडकं काढतात आणि एकदाच हात फिरवतात. धूळ कुठे अडकली की फळी नापास. एकदा मी वैतागून म्हणालो, "अक्का, नक्षी म्हटली की थोडी धूळ बसणारच." त्या म्हणाल्या, "ती धूळ तुम्ही पुसणार आहात का? त्या घरातली बाई पुसणार आहे, काडीला कापूस गुंडाळून. तिला शिव्या द्यायला लावू नका मला." मी फळी पुन्हा पाटावर घेतली.

मध्यंतरी स्कूटरवरून पडून माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर होतं, काम बंद होतं, आणि हात पूर्वीसारखा चालेल की नाही, याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती. मी घरात भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. माझी पत्नी शोभा फार घाबरली होती. अशात अक्का आल्या. धीराचे चार शब्द बोलतील असं वाटलं, तर म्हणाल्या, "हात मोडलाय, डोळे नाही ना? उठा." मला एसटीत बसवून त्या पारोळ्याकडच्या एका शेतात घेऊन गेल्या, आणि भर उन्हात कपाशीच्या झाडासमोर उभं केलं. "बघा," म्हणाल्या. काय बघायचं ते सांगेनात. मी चिडून बांधावर बसलो. त्या स्वतः पदर डोक्यावर घेऊन झाडाजवळ उकिडव्या बसल्या आणि एकेक बोंड हाताने वळवून दाखवू लागल्या. हे मिटलेलं, हे तडकलेलं, हे फुटलेलं. दर एक-दोन दिवसांनी ही वरात निघायची. मी कुरकुरत जायचो, पण घरी येऊन जेवायचो आणि झोपायचो, हे शोभाच्या लक्षात आलं होतं. माझ्या नव्हतं.

हात बरा झाल्यावर एक गिऱ्हाईक बोलता बोलता म्हणाले, "काय मिस्त्री, तुमच्या अक्कांनी फारच लटकवलं आम्हाला. चित्रच पूर्ण होत नाही म्हणाल्या." तेव्हा कळलं, की सगळा उशीर त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला होता. मनगट कायमचं गेलं, अशी बातमी पसरली असती, तर गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली असती. मी अक्कांना विचारलं, तर म्हणाल्या, "त्यात काय? चित्र खरंच पूर्ण नव्हतं. तुम्ही पटाशीला धार लावा."

आता विमलबाईंच्या कपाटांबद्दल. अक्का काय आहेत, हे मला त्या कामात कळलं, आणि त्यांच्याबरोबर काम करणं माणसाच्या सहनशक्तीबाहेर आहे, हेही त्याच कामात कळलं.

विमलबाई एरंडोलच्या. शेतातला जुना गोठा उतरवला, तेव्हा त्याचे सागाचे खांब निघाले. ते टेम्पोत घालून त्या धुळ्याला घेऊन आल्या. बरोबर त्यांची मधली मुलगी कुंदा होती. विमलबाईंना तीन मुली. थोरली मंदा जळगावला, धाकटी छाया पारोळ्याला, दोघी आपापल्या संसारात. कुंदाचं लग्न टिकलं नाही. ती माहेरी परत आली होती आणि घरीच ब्लाउज शिवायची. विमलबाईंचं म्हणणं सरळ होतं, या सागाची तीन कपाटं करा, तिघींना तीन. "तिन्ही सारखा पाहिजेत," त्या आपल्या अहिराणीत दोनदा बोलल्या. मी हो म्हणालो. अक्का शेजारीच बसल्या होत्या. त्यांनीही मान हलवली, म्हणून मी निश्चिंत झालो. त्यांची मान हलली म्हणजे होकार असतो, असं नाही. हे मला तोवर समजायला हवं होतं.

आठवडाभराने त्यांनी तीन वेगवेगळी चित्रं आणली. मंदासाठी केळफूल, छायासाठी कणसं, आणि कुंदासाठी कपाशीची एकच फांदी, वरच्या खणापासून खालच्यापर्यंत उतरत गेलेली. तिच्यावर पाती, म्हणजे कळ्या, फूल, बोंड, फुटलेला कापूस, सगळं होतं. कुंदाचं चित्र तिन्हींत उजवं होतं, ते मलाही दिसत होतं.

"अक्का, त्यांनी सारखी सांगितली आहेत."

"सारखी म्हणजे सारख्या मायेची. तीन बायकांना एकाच साच्यातून काढायचं का? आणि कुंदाला सगळ्यांत सुंदर मिळेल."

मी परोपरीने सांगितलं. लाकूड मोजकं आहे, तसलं जुनं सागवान बाजारात मिळणार नाही, आधी विचारून घेऊ. अक्का म्हणाल्या, कागदावर लोकांना कळत नाही, कोरून दाखवू. शेवटी मी तिन्ही कपाटांची वरची एकेक फळी कोरली. आम्ही त्या चादरीत गुंडाळून एसटीने एरंडोलला गेलो.

विमलबाईंनी तिन्ही फळ्या ओसरीवर मांडून पाहिल्या. एकेक उचलून हातभर लांब धरली. मग म्हणाल्या, "बाई, चित्रं चांगला शेतस. पन हाई माले नको."

अक्कांनी समजवायला सुरुवात केली. शाळेत वर्गापुढे बोलावं तसं बोलत होत्या. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, प्रत्येकीची आवड वेगळी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विमलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मन्या तीन पोरी शेतस. थोरलीले नवं भेटनं, धाकटीले लाडनं भेटनं. मधलीले जलमभर उरेल-सुरेलच भेटनं. आते तरी बठ्ठं सारखं पाहिजे. कोनी म्हनाले नको, की इले हाई दिधं आन तिले ते दिधं."

"पण विमलबाई, कुंदाचंच सगळ्यांत चांगलं आहे," अक्का म्हणाल्या.

तेवढ्यात कुंदा चहा घेऊन आली. तिने फळ्यांकडे ओझरतं पाहिलं आणि अक्कांच्या हातात कप देत म्हणाली, "माझं काही नाही, बाई. त्या दोघींना आवडतील त्या घेऊ द्या. मला कोणतंही चालेल."

अक्कांनी कप घेतला. मी त्यांना वर्गात, मोर्चात, बुद्धविहारातल्या सभेत बोलताना ऐकलं आहे. समोरच्याला पटेपर्यंत त्या थांबत नाहीत, या वेळी थांबल्या. त्यांनी चहा संपवला, फळ्या स्वतःच चादरीत बांधल्या आणि "येते," एवढंच म्हणाल्या. परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. पारोळा मागे पडल्यावर म्हणाल्या, "रमेशभाऊ, तिन्ही सारखी करायची. कुंदाचंच चित्र तिघींना."

मला वाटलं, सुटलो. पण खरा जाच तिथून पुढे सुरू झाला.

मी म्हटलं, सारखीच करायची आहेत तर जळगावला मशीनवर कोरून घेऊ. अक्का चक्क तयार झाल्या. आम्ही गेलो, मशीनवाल्याने एका साध्या फळीवर नमुना काढून दिला. अक्कांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बोंड आहे, पण फुटलेलं नाही. नुसतं चित्र छापल्यासारखं आहे." मशीनवाला बिचारा तासभर त्यांचं ऐकत होता. आम्ही जसे गेलो तसे परत आलो.

मग हाताने. वरून दुसऱ्या खणाची पहिली फळी पास झाली. दुसऱ्या कपाटाची तीच फळी मी कोरली, तर अक्कांनी पहिलीवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि छाप उतरवून घेतला. दुसरीचाही तसाच. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. "हे पान सरकलंय," म्हणाल्या. खरोखरच सरकलं होतं, सूतभर. नापास. मी फळी उलटवून मागच्या बाजूने कोरली. "हे बोंड जाड झालंय." पुन्हा नापास. त्या फळीला आता तिसरी बाजू नव्हती. रंध्याने सगळं उतरवून नव्याने कोरायचं म्हणजे फळी पातळ होत जाणार, आणि गोठ्याचं लाकूड तर संपत आलेलं.

त्या दिवशी माझा तोल गेला. मी पटाशी पाटावर आपटली. "अक्का, माणसाचा हात आहे हा! आणि कोण बघणार आहे काचेवर धरून? विमलबाई? त्यांना जवळचं दिसतसुद्धा नाही नीट!"

अक्कांनी कागदाची गुंडाळी केली. "विमलबाई नाही बघणार," त्या म्हणाल्या. "कुंदा बघेल. कोणी नसताना बघेल. आपल्यालाच पुन्हा डावं मिळालं का, ते."

मी दुकानाबाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेत उभा राहिलो. राग उतरत नव्हता, कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तिथे उभा असतानाच सुचलं, की मी चुकीच्या पद्धतीने काम करतोय. एक फळी पुरी करायची आणि मग दुसरी, यात हात बदलतो. सकाळचा हात आणि दुपारचा हात एक नसतो. तिन्ही फळ्या शेजारी मांडायच्या. एका पानाची कड पहिलीवर कापली की तीच लगेच दुसरीवर, मग तिसरीवर, त्याच पटाशीने, त्याच बैठकीत. मी धावत दुकानात आलो आणि अक्कांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?"

वाचकहो, त्या क्षणी मी काय बोललो नाही, याची नोंद या ग्रंथात व्हावी.

पण काम त्याच पद्धतीने झालं. सगळे छाप काचेवर जुळले. लाकूड पुरलं, आणि जेमतेमच पुरलं. कपाटं एरंडोलला पोचली, त्या दिवशी मंदा आणि छायाही आल्या होत्या. तिन्ही कपाटं ओसरीवर ओळीने उभी केली. विमलबाईंनी एकेका फळीवरून तळहात फिरवला, पहिल्या कपाटापासून तिसऱ्यापर्यंत आणि तिसऱ्यापासून परत पहिल्यापर्यंत. "सारखं शे बठ्ठं," म्हणाल्या, आणि उंबऱ्यावर बसल्या. "आते मी मोकळी व्हयनू."

मंदा म्हणाली, "कुंदा, तू घे आधी."

कुंदा म्हणाली, "नाही, तुम्ही घ्या." पण मग ती पुढे झाली. तिने पहिल्या कपाटाचा वरचा खण उघडला, बंद केला. मग खालचा. मग दुसऱ्या कपाटाकडे गेली, मग तिसऱ्याकडे. एकेक खण उघडून बघत होती, आणि दोघी बहिणी उभ्या राहून वाट बघत होत्या. छायाने काही बोलायला तोंड उघडलं, तर मंदाने तिचा हात दाबला. कुंदा पुन्हा मधल्या कपाटाशी आली. बोंडाखालच्या पोकळीत बोटं घालून तिने तिथेच हात ठेवला.

"मला हे पाहिजे," ती म्हणाली.

त्या तिन्ही कपाटांत काही फरक नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. तरी कोणी तिला विचारलं नाही, की हेच का. मी अक्कांकडे पाहिलं. त्या खांबाआड उभ्या राहून त्याच फडक्याने डोळे पुसत होत्या. टेम्पोत बसल्यावर मला वाटलं, आज तरी दोन गोड शब्द बोलतील. पारोळ्यापर्यंत त्या फडक्याच्या घड्या घालत होत्या. मग म्हणाल्या, "थोरलीच्या कपाटाचा खालचा खण जरा घट्ट जातोय. पुढच्या आठवड्यात जाऊन बघून या."

मी गेलो. खण घट्टच होता.

गेल्या वर्षी अक्कांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शोभा आणि मी दवाखान्यात होतो. खरं सांगायचं तर आधीची दोन-तीन वर्षं त्यांना कमी दिसत होतं आणि फळ्या भराभर पास होत होत्या. मला वाटायचं, वयामुळे स्वभाव निवळला. पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. तरी चौथ्या दिवशी त्या काळा चष्मा लावून दुकानात आल्या, भिंतीशी लावलेल्या तयार फळ्यांपुढे उभ्या राहिल्या, आणि चष्मा काढला.

"रमेशभाऊ," त्या म्हणाल्या, "हे मी पास केलं होतं?"

त्या दिवसापासून आम्ही त्या दोन-तीन वर्षांतली कामं परत करतो आहोत. त्या स्वतः गिऱ्हाइकांना फोन करून सांगतात, की तुमच्या कपाटाची एक फळी चुकली आहे, मिस्त्री येऊन बदलून देतील. लोक म्हणतात, आम्हाला तर काही चूक दिसत नाही. अक्का म्हणतात, "मला दिसते ना." मागच्याच आठवड्यात बोदवडला जाऊन आलो. त्याही सोबत होत्या. गुडघे दुखत असूनही रेल्वेने आल्या, आणि परतताना गाडीत पुढच्या कामाचं चित्र काढत बसल्या. गाडी हलत होती, म्हणून रेघ वाकडी गेली, तर तोही दोष माझाच निघाला. मी खिडकीशी बसलो होतो आणि म्हणे उजेड अडवत होतो.

अक्का, तुम्हाला पंचाहत्तरीनिमित्त माझा आणि शोभाचा सविनय जयभीम. तुमचे गुडघे बरे राहोत, साखर ताब्यात राहो, आणि शंभरी ओलांडेपर्यंत डोळ्यांना बारीकातलं बारीक दिसत राहो. नजर थोडी अधू झाली तर मला किती सुख लागेल, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही मागणं हेच आहे. नवी फळी पाटावर लावून ठेवली आहे. उद्या ऊन फार आहे, चालत येऊ नका. रिक्षाने या.

— रमेश मिस्त्री, धुळे